झाकून ठेवलेला वाटा

प्रिय जनाकाकी,

उद्या सावर्ड्याचा बाजार. तुझ्या जागेवर तुझी सून सुरेखा पहिल्यांदाच भाजी घेऊन बसणार आहे, आणि धास्ती मला लागलीय. खानावळीतली दुपारची जेवणं आटपली, रात्रीची कणीक मळायची आहे. पण आधी तुझ्याशी बोलल्याशिवाय हात चालेना.

दिवसाची पहिली विक्री, भवानी, माझ्याच हातून व्हायची हा तुझा हट्ट. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत उभी असायची. "थांबा वाईच, माजी बाय येऊ दे," म्हणायचीस. मग वालीच्या शेंगा, लाल माठ, मुळ्याची जुडी, असा माझा वाटा माझ्या पिशवीत ओतायचीस आणि वर मूठभर मिरच्या टाकायचीस. किती मिजास होती मला त्याची!

मग खानावळ वाढली आणि घाटावरचा टेम्पो दारात यायला लागला. सगळी वांगी एका मापाची, कोबी सोललेला, फोन केला की हजर. तुझा मुळा एक हातभर, तर एक बोटभर. मी म्हटलं, काकी समजून घेईल. पण तुला सांगितलं का? नाही. बाजाराच्या दिवशी तुझ्यासमोरून जावं लागू नये म्हणून मी पोस्टाच्या मागच्या बोळातून जायला लागले. भित्री कुठली!

आणि त्याच वर्षी बचत गटाच्या मेळाव्यात मी भाषण ठोकलं. गावात पिकलेलं गावानेच घेतलं पाहिजे, नाहीतर आपल्या बायकांनी मळे कुणाच्या जिवावर करायचे, वगैरे वगैरे. तू पुढच्याच रांगेत होतीस. टाळ्या वाजवल्यास. काकी, त्या टाळ्या खऱ्या होत्या का गं? की मला चिमटा होता? आजही उमगत नाही.

तू एरवी कुणाला सोडायची नाहीस. भाजी चिवडणाऱ्या बाईला भर बाजारात झापायचीस. मग मलाच एक हाक का नाही मारलीस? दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी आले असते. हा राग माझा तुझ्यावर आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तुझ्या तेराव्याला सुरेखाने सांगितलं, "वैनी, आत्याबाय तुमचा वाटा केळीच्या पानाखाली झाकून ठेवायच्या. बाजार उठंस्तवर. कुणी मागितला तरी द्यायच्या न्हाईत. 'कामात आसंल ती, येल,' म्हनायच्या. मग तोच वाटा रातच्याला आमी खायचो."

किती बाजार, काकी? विचारायचं धाडस झालं नाही मला.

मग तिने राखेत घोळवून ठेवलेलं तुझं वालीचं बियाणं दाखवलं. तिचा नवरा मुंबईहून सांगतो, मळा सोड, दुकानात कामाला लाग. "पेरू तर कुनासाटी पेरू, वैनी?" म्हणाली. मेळाव्यात घडाघडा बोलणारी मी, तिथे नुसती बियाण्यावरची राख झटकत बसले.

तरी तिने अर्धा मळा पेरला. "एक बाजार बसून बघते, न्हाय जमला तर सोडते," म्हणते. त्या एका बाजाराची भीती वाटते मला. लोक तिच्यासमोरून, आता बाजारातही उभ्या राहणाऱ्या त्या टेम्पोकडे गेले तर? त्यांना तो रस्ता दाखवला कुणी? माझ्यासारख्यांनीच ना!

आज टेम्पोवाल्याला कळवलंय. कांदे-बटाटे त्याच्याकडून घेईन, ते आपल्याकडे होत नाहीत. हिरवी भाजी नको. मुळा हातभर असो की बोटभर, चिरल्यावर पानात सारखाच पडतो, एवढं साधं मला कळायला तुला जावं लागलं.

उद्या चूल पेटवायच्या आधी येईन, मधल्या रस्त्याने, सगळ्यांच्या देखत. भवानी माझ्या हातची होईल. पुढच्या बाजारालाही, त्याच्या पुढच्यालाही. सुरेखाला पानाखाली काही झाकून ठेवावं लागणार नाही, काकी. ती पाटी उतरवायला येईल तेव्हा हात द्यायला मी आधीच तिथे उभी असेन.

तुझीच उशिरा आलेली बाय,
शुभदा