मोळीचा पट्टा

माजलगाव,
९ फेब्रुवारी २००४

चि. सुंदर हिस गहिनीनाथमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं मुलाखतीचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. अहमदाबादच्या डिझाईनच्या शाळेने अकरा मार्चला बोलावलंय! साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी ते चारदा वाचून दाखवलं. डिझाईन म्हणजे काय, असं ज्याने त्याने विचारलं आणि मी ज्याला त्याला वेगळं उत्तर दिलं. म्हणजे मलाही नीट ठाऊक नाही, हे तू ओळखलंच असशील. पण उसाची मोळी डोक्याऐवजी खांद्यांवर पेलणारा बारदानाचा पट्टा तू शिवलास, त्याचीच चित्रं पाहून त्यांनी बोलावलंय, एवढं मला कळतं. भाऊजींना तू नर्स व्हायला हवी आहेस. त्यांचं मी बघतो. तू तयारीला लाग.

तुझी आई बरी आहे. सध्या ऊसतोडीच्या तळावर कोपीतच, पाचटाच्या झोपडीतच, असते. आजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्र धाडून वाढव.

तुझा मामा

शिरूर कासार,
१६ फेब्रुवारी २००४

ती. मामांस सुंदरचा शि. सा. नमस्कार.

आई कोपीतच का असते, ते तुमच्या टोळीतले बंकटकाका गावी आले तेव्हा कळलं. ट्रकला टेकवलेल्या फळीवर चढून आत मोळी टाकताना पट्टा सुटला नाही. मोळीबरोबर आई ओढली गेली, पडली, मनगट मोडलं. तुम्ही लपवलंत म्हणून मी तुमच्यावर रागावले आहे, पण त्याहून जास्त माझ्यावर.

उन्हाळ्यात चारा छावणीवर महिनाभर कडब्याच्या पेंढ्या वाहून मी तो पट्टा तपासला होता. एकदाही अडकला नाही. वहीत तसं ऐटीत लिहूनही ठेवलं. आता ती चित्रं घेऊन साहेबांपुढे कोणत्या तोंडाने बसू? अंबाजोगाईहून नर्सिंगचा फॉर्म मागवला आहे. मोडलेले हात बांधायला तरी शिकेन. बाबांना सांगा, त्यांचंच खरं झालं.

आजी ठीक आहे. पाण्याचा टँकर आता दोन दिवसांआड येतो. भाचीवरची माया मात्र आटू देऊ नका.

तुमची सुंदर

माजलगाव, कारखान्याचा तळ,
२४ फेब्रुवारी २००४

चि. सुंदर हिस आशीर्वाद. हात माझा, बोल तुझ्या आईचे. एक शब्दही तिने मला बदलू दिला नाही.

सुंदर, पट्ट्यानं पडले न्हाई आसं म्या म्हननार न्हाई. पट्ट्यानंच पडले. पन छावनीत आपुन वाकून पेंढ्या जनावरापुढं ठिवतो. हितं फळी चढून मानंच्या हिसक्यानं मोळी फेकावी लागती. त्ये तुला कसं कळावं? तुला कदी फळीला पाय लावू दिला न्हाई म्या.

पडायच्या आदी धा दिस त्यो पट्टा वापरला. धा दिस मान दुखली न्हाई. लई वर्सांनी कूस बदलून निजले. शेजारच्या कोपीतली साखराबाई माज्या मागं लागलीय, पोरीला सांग मलाबी शिव, पन झटक्यात सुटनारा शिव.

तुजं पत्र बापानं ऐकलं. त्याचं खरं झालं आसं तू लिवलंस, त्ये त्याला लई लागलं. दोन दिस धड जेवला न्हाई. आज म्हनाला, पोरीसंगं अहमदाबादला मीच जातो. त्यो परवा गावाकडं याया निगतोय. त्यो तितं बोलायचा न्हाई, तू बोल.

साहेबांनी इचारलं तर माजं पडनं दडवू नको. कुटं अडकलं, कशानं अडकलं, समदं सांग. पुढं कुनाची आई पडू नये म्हनून शिकाया आले, आसं सांग.

आजीला पाया पडते. तुज्यावर जीव हाय, त्यो सांबाळ.

तुजी आई सारजाबाई
उजवा हात पलस्तरात हाय, म्हनून डाव्या हाताचा आंगठा.