बर्फ वितळायच्या आत

आई, आज दहा वाजता मला सगळ्या स्टाफसमोर एक वचन वाचून दाखवायचंय आणि पहाटेपासून जिवाला थारा नाही. दोहात मी ज्या दवाखान्यात सिस्टर आहे तिथलं हे वचन: पेशंटचा रंग, देश, काम न बघता सर्वांना सारखी सेवा देऊ. हल्ली सरकारपासून छोट्या दवाखान्यांपर्यंत सगळेच आरोग्यातल्या समानतेबद्दल बोलतात. बोलावंच. पण वाचायचं मी, आणि तेही गेल्या आठवड्यात झालेलं पोटात ठेवून.

बीडकडचा एक प्लास्टर करणारा माणूस छाती धरून आला. काउंटरवर पहिला प्रश्न, "कंपनी कौनसी? कार्ड दिखाओ." कार्ड मुकादमाकडे राहिलं होतं. मग त्याला कोपऱ्यात बसवलं आणि मागून आलेल्या टायवाल्याला "प्लीज सर" करत आत नेलं. माझं फोनवरचं मराठी ऐकून तो हळूच म्हणाला, "ताई, छातीत दाबल्यागत व्हतंय. पर घाई न्हाई, सायबलोकांचं हू द्या." घाई नाही म्हणे! मी त्याला धरून थेट डॉक्टरांसमोर नेलं. हार्ट अटॅकच होता. वाचला बिचारा. मॅनेजर म्हणाले, "सिस्टर, वो ठीक है ना? खलास." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. वचनात एकच ओळ घाला म्हटलं: आधी काय होतंय ते विचारायचं, कंपनी नंतर. ते हसले. "जो लिखा है, उतना ही पढ़ना." माझी नोकरी, व्हिसा, लेकीची शाळा, सगळं त्यांच्या एका सहीवर आहे.

म्हणून तू आठवतेस. आपल्या गावची नर्सबाई, खांद्याला लसीचा डबा. लस आधी गावात टोचायची, मग वेशीबाहेरच्या वस्तीवर, अशीच पद्धत होती. वस्ती येईपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायचं आणि तिथल्या बायकांना सांगायचं, पुढच्या वेळी. एके दिवशी मात्र तू डबा घेऊन निघतेस ती सरळ वस्तीकडे. पारावरून सरपंच ओरडतात, "बाई, ही उलटी गंगा कुठं? बदली करून टाकीन!" तू वळूनही बघत नाहीस. "गावात मला परत बर्फ मिळंल, अण्णा. वस्तीवर नाही मिळायचा." मी तुझ्यामागे जवळजवळ पळतेय.

त्या संध्याकाळी तुझी भाकरी करपली. तुझी, आणि करपली! मी खो खो हसले, तर "गप खा" म्हणून खेकसलीस. मला वाटलं, दमली असशील. माझ्या आईला भीती ठाऊकच नव्हती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय.

आत्ता लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, समथिंग इज बर्निंग!" तव्यावरची पोळी विसरले होते, काळी ठिक्कर झाली.

तू गेल्यावर हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून पर्समध्ये टाकतेय. ती ओळ मी वाचणार आहे, आई. पण घाबरलेय. त्या संध्याकाळच्या तुझ्याएवढीच.