गाडीखालचा अर्धा चरण

४ मार्च

आलो एकदाचा. मुलाच्या फ्लॅटमधली मागची खोली मागे पडली. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि भिंतीवरचा एक पाइप, एवढंच जग दिसायचं. आता माझं घर चार चाकांवर आहे आणि ते मेव्हण्याच्या गॅरेजच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली उभं आहे. आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, घडीचं टेबल. ड्रायव्हरची जागा आणि माझी खोली यांच्यामध्ये पक्की भिंत, तिला काचेचा एक चौकोन. चारही चाकांना जोर मिळतो, त्यामुळे घाट काय नि चिखल काय. ही असती तर तिनं आधी पडदे बदलले असते आणि मगच प्रवासाचं नाव काढू दिलं असतं.

मेव्हणा हसला की त्याचा डावा डोळा बारीक होतो, थेट हिच्यासारखा. म्हणाला, लोक सासरच्या माणसांकडे जावई म्हणून येतात, तुम्ही घर पाठीवर घेऊन आलात, गोगलगाईसारखे. मुलाचा मात्र फोनवर एकच धोशा: गाडीनं जरा जरी कुरकुर केली तर ती विकायची आणि मुकाट्यानं परत यायचं. मी कबूल करून टाकलं. शाळेत असताना पाठ झालेल्या कवितांतले डोंगर, नद्या, पाऊलवाटा मी जन्मभर फळ्यावर खडूनं समजावून दिल्या. एकदा पाहून तरी येऊ.

७ मार्च

कुरकुर झालीच. रस्त्याला लागून वेग जरा वाढला आणि खालून ठोके ऐकू येऊ लागले. मेव्हण्याला काहीच ऐकू येईना. जन्मभर घणाशेजारी उभं राहून त्याचे कान गेले आहेत. समोरच्याचे ओठ पाहून निम्मं कळतं, उरलेलं तो आपल्या मनानं भरून घेतो. गाडीतला दोष तो लोखंडी दांडा दातांत धरून शोधतो. दांड्याचं दुसरं टोक इंजिनला टेकवलं की थरथर दातांतून कवटीत जाते, म्हणे. पण धावत्या गाडीखाली दात कोण नेणार? तेव्हा ठरलं, कान माझे आणि हात त्याचे.

त्यानं मला सगळं पढवलं. आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढला तर बेअरिंग. वळताना वाढला तर पुढच्या चाकाचा सांधा. पाय उचलल्यावर बदलला तर डिफरन्शियल. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडली आणि तरी आवाज राहिला, तर इंजिन सुटलं. तो गाडी हाकत होता आणि मी मागे खोलीच्या तळाच्या फळीवर पालथा पडून, दांड्याचं टोक कानाला लावून ऐकत होतो.

उतरल्यावर मी सांगितलं की हे ठोके नुसते ठोके नाहीत, ही ओळ आहे. लघु लघु गुरू, लघु लघु गुरू, मग जरा थांबून पुन्हा तसंच, आणि शेवटाला दोन गुरू हवेत तिथे काहीच नाही. तो म्हणाला, ताई सांगायची ते खरंच की, आमच्या भाऊजींना कुकरच्या शिट्टीतसुद्धा वृत्त सापडतं.

१० मार्च

बेअरिंग बदललं, आवाज राहिला. पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट काढून नुसत्या मागच्या चाकांवर चालवली, राहिला. इंजिन बंद करून उतारावर सोडली, तरीही. मेव्हणा शाफ्ट परत बसवत म्हणाला की आता गाडीत तपासायचं राहिलंय कोण, तर तुम्ही.

संध्याकाळच्या फेरीत मी पुन्हा फळीवर पडलो. तीच ओळ, तसाच तुटका शेवट. आमच्या वर्गात रीत होती. मी अर्धी ओळ म्हणायची, मुलांनी ती पुरी करायची. पुरी झाली नाही तर मी पुढे सरकत नसे. ही सवय हाडात मुरलेली. अर्धी ओळ हवेत लोंबकळताना मला सोसवत नाही. मी दांड्यानं फळीवर दोन ठोके दिले, सावकाश, ठाय लयीत.

आवाज थांबला.

पुढे बरंच फिरलो. पुन्हा नाही. मेव्हण्यानं श्रेय आपल्या ग्रीसला दिलं, मी देऊ दिलं. एक मात्र पाहिलं. मी जिथे ठोकलं तिथे फळीला आधीपासूनच खळगा पडला आहे. बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत.

११ मार्च

मुलाला कळवलं, गाडी लोण्यासारखी चालते. नकाशा काढून बसलो. परवा निघेन.

१३ मार्च

निघालो नाही.

दुपारी गाडी उभी होती, किल्ली खुंटीला, मेव्हणा जेवायला घरी गेलेला. आणि खालून नवी ओळ आली. पहिलीपेक्षा लांब, देखणी, मध्ये सुंदर यती, श्वासापुरता विराम. शेवटचे दोन ठोके पुन्हा नाहीत. उभ्या गाडीला ठोके कसले, हा विचार यायच्या आत माझ्या हातानं ओळ पुरी केली होती.

गाडी वीतभर पुढे सरकली. हँडब्रेक ओढलेला होता. चाकापुढचा लाकडी ओंडका तेवढाच पुढे ढकलला गेला होता. ड्रायव्हरच्या जागेजवळचा, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा आपोआप पडला होता आणि कितीही ओढला तरी हलेना.

ओंडका मी जागच्या जागी लावून ठेवला. कुणाला सांगितलं तर मुलापर्यंत जाईल. मग पुन्हा तो पाइप पाहत बसायचं.

१५ मार्च

ठरवलं होतं, उत्तर द्यायचं नाही. सकाळपासून ते अर्धी ओळच म्हणत राहिलं. रागानं नाही. विद्यार्थी मठ्ठ असला की आपण म्हणतो तसं, सावकाश, पुन्हा, पुन्हा. कानांत कापूस घातला तर फळीतून तळपायांत येऊ लागलं. पांघरुणात हात गुंडाळून बसलो. मग कळलं की पांघरुणाच्या आत माझी बोटं हलताहेत — दोनदा.

गाडी पुन्हा वीतभर.

१६ मार्च

दार उघडत नाही. मेव्हण्यानं बाहेरून पहार लावली, निघेना. त्याचं म्हणणं असं की फोर-व्हील अडकल्यामुळे पुढची नि मागची चाकं एकमेकांविरुद्ध ताणली गेली, पिळलेल्या टॉवेलासारखी, आणि त्या पिळानं बॉडी मुरगळून दार धरलं. उद्या पुढचा शाफ्ट सोडवतो, पीळ सुटेल, दारही. पत्रा कापायचं त्याच्या जिवावर येतं.

खिडकी वीतभरच उघडते. चहा तिच्यातूनच आला. मी त्याला सगळं सांगितलं, घसा फुटेपर्यंत. तो ओठ पाहत राहिला, मान डोलावली आणि म्हणाला की होय, गुदमरायला होतंच. शेवटी कागदावर लिहून दिलं: खाली जाऊ नकोस. ते अर्धी ओळ म्हणतं. ओळ पुरी झाली की गाडी सरकते.

त्यानं वाचलं. डावा डोळा बारीक झाला. ताई गेल्यापासून तुम्ही काही लिहिलं नव्हतं, म्हणाला, झकास झालीय कविता. घडी घालून खिशात ठेवली.

१७ मार्च

पुढची बाजू जॅकवर चढवली आहे. वीतभर सरकली तरी निसटेल. मी काचेच्या चौकोनातून हातवारे केले, त्यानं मला नमस्कार केला. मग खिडकीशी येऊन बोलला —

“भाऊजी, खाली मला ऐकू यायचं नाही. काही लागलं तर फळीवर ठोका, हाताला कळतं माझ्या. मी दोनदा ठोकीन. म्हणजे समजलं म्हणून.”

दोनदा. मी नको, नको ओरडलो. तो वाकलासुद्धा.

त्याला सावध करायला ठोकू शकत नाही. माझा कुठला ठोका ओळीचा शेवटचा ठरेल, काय सांगावं. पाय पलंगावर घेतलेत. डावा हात मांडीखाली दाबलाय. उजव्यानं लिहितोय — लिहिता हात ठोकणार नाही —

खाली पाना फिरतोय. तो काहीतरी गुणगुणतोय, हिचंच एखादं गाणं —

सुरू झालं.

लघु लघु गुरू — मी लिहीत राहणार — लघु लघु गुरू — हात लिहितोय, हात इथेच आहे — थांबलं. रिकामी जागा. मी देत नाही. देत नाही मी.

पुन्हा तीच ओळ. आज सोपी. पहिल्या दिवसाची.

गुणगुणणं थांबलं. त्याच्या हाताला ठोके जाणवले असणार — त्याला वाटतंय मी — बोला भाऊजी, म्हणतोय खालून — मी नाही रे, मी नव्हे — ऐक — ऐकू कसं येणार —

पान्याचा ठोका. एक.

नको — ताईची शपथ आहे तुला, दुस