आरक्षण क्रमांक सतरा

प्रिय धर्मराज,

तुझे पत्र मिळून अकरा दिवस झाले. उत्तरास विलंब झाला तो आळसामुळे नव्हे. पहिल्या तीन मसुद्यांची भाषा मित्राला लिहिण्याजोगी नव्हती. हा चौथा आहे. आरंभीचा 'प्रिय' ठेवावा की गाळावा, यावरही बराच विचार केला. शिकत असताना मस्तगडच्या भाड्याच्या खोलीत आपण तीन वर्षे एका ताटात जेवलो, एवढ्यासाठी तो राहू दिला.

प्रीतीचा जन्म तुला आठवत असेलच. उषावहिनींना घेऊन आपण जालन्याकडे निघालो होतो आणि अर्ध्या वाटेवर जीप थांबवावी लागली. कौसल्या बरोबर होती, माझी बायको म्हणून नव्हे, आरोग्यसेविका म्हणून. तिने तुला आणि मला रस्त्याकडे पाठ करून धोतर धरून उभे केले आणि त्या आडोशाला तुझी मुलगी जगात आली. परतताना तू रडत होतास. त्याच वर्षी शहराचा विकास आराखडा होत होता आणि तू नव्यानेच नगरसेवक झाला होतास. आठवडी बाजारामागची चिंचेखालची जागा तू स्वतः पावलांनी मोजलीस आणि आराखड्यात प्रसूतिगृहासाठी राखून ठेवलीस. आरक्षण क्रमांक सतरा. कौसल्येने त्या दिवशी गावभर पेढे वाटले.

पुढे तीस वर्षे तिथे विक्रीचे बैल बांधले गेले. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. राखून ठेवणे आणि बांधणे यांत अंतर असते, हे एव्हाना सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु गेल्या वर्षी सुधारित आराखडा प्रसिद्ध झाला आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलेल्या नकाशात ती जागा निळ्या रंगात दिसली. निळा म्हणजे वाणिज्य. हरकतींसाठी तीस दिवस होते. कौसल्येचे दुखणे तेव्हा नुकतेच कळले होते. तरी ती दोन आठवडे घरोघर फिरली. एक्केचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे घेऊन आली. अर्ज तिने स्वतःच्या शब्दांत लिहिला होता: 'बाजारामागची चिंचेखालची जागा दवाखान्याची आहे, ती दुकानांना देऊ नका.'

मला ते अशास्त्रीय वाटले. ज्याने तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला, त्याच्या घरून असा अर्ज जावा? मी तिला तसे म्हणालोही. ती हसली. "अहो, चिंचेखालची म्हणलं की बराबर समजतं सगळ्यांना. नंबरानं कोण वळखतंय जागा?" मी ऐकले नाही. जुना नकाशा काढून संपूर्ण अर्ज नव्याने लिहिला: 'आरक्षण क्रमांक १७ रद्द करण्यात येऊ नये.' चिंच गाळली, बाजार गाळला. बिचाऱ्या बायकांनी पुन्हा अंगठे दिले.

सुधारित आराखड्यात सर्व आरक्षणांना नवे क्रमांक दिलेले आहेत, हे मी पाहिले नाही. भूगोलाच्या शिक्षकाने नव्या नकाशाची सूची वाचली नाही. नवा सतरा क्रमांक बसस्थानकाजवळच्या वाहनतळाचा होता.

सुनावणीस कौसल्या येऊ शकली नाही. मी आणि अंगठा देणाऱ्या बायकांपैकी झुंबरबाई आलो. नियोजन समितीच्या टेबलामागे तू मधल्या खुर्चीवर होतास. वाचून दाखवण्यात आले: 'क्रमांक १७ हे वाहनतळाचे आरक्षण कायम असून ते रद्द करण्याचा प्रस्ताव नाही, सबब हरकत निकाली.' झुंबरबाई उठून म्हणाल्या, "मंग साहेब, गाड्याच्या रांगेत बाळंत व्हायचं का आमच्या सुनांनी?" सगळे हसले. तू हसला नाहीस, हे मी न्यायबुद्धीने नोंदवतो. तू कागदाकडे पाहत राहिलास. त्या खोलीत ती जागा पावलांनी मोजलेला एकच माणूस होता, आणि तो कागद वाचत होता.

मीही बोललो नाही. चूक माझी आहे, जागा ती आहे, एवढी दोन वाक्ये मला उच्चारता आली नाहीत. समितीपुढे अज्ञान उघडे पडेल, ही लाज.

घरी कौसल्येने विचारले, "काय झालं हो?" मी म्हणालो, विचाराधीन आहे. पुढचे सात महिने ती रोज विचारत राहिली आणि मी रोज तेच शुद्ध मराठीत सांगत राहिलो. ती गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसे पांगल्यावर, झुंबरबाई मला म्हणाल्या, "सर, बाईला म्या त्याच दिवशी सांगितल्तं. त्या म्हणल्या, न्हाई, त्यांच्या तोंडून येऊ द्या." धर्मराज, ती उत्तरासाठी विचारत नव्हती. ती मला दोनशे वेळा संधी देत होती.

आता तुझ्या पत्राविषयी. त्या जागी होणाऱ्या व्यापारी संकुलातील सभागृहास कौसल्येचे नाव देण्याचा ठराव एकमताने झाला. भूमिपूजनासाठी तिचे छायाचित्र पाठवावे, असे तू लिहितोस. छायाचित्र मिळणार नाही आणि माझी संमतीही नाही. तिने दुकानांच्या वर आपले नाव मागितले नव्हते.

हे पत्र मात्र नकार कळवण्यासाठी लिहिलेले नाही. त्याला एक ओळ पुरली असती. आराखडा अद्याप शासनाच्या मंजुरीस थांबलेला आहे. येत्या सोमवारी संभाजीनगरला नगररचना कार्यालयात मला म्हणणे मांडण्यास वेळ मिळाला आहे. माझ्या चुकीची कबुली मी लिहून ठेवली आहे. परंतु ती एका दुःखी म्हाताऱ्याची सबब ठरेल. तुझ्या हातच्या दोन ओळी हव्या आहेत: 'हरकत कोणत्या जागेची होती, हे मला सुनावणीच्या वेळी ठाऊक होते. ती चिंचेखालची जागा होती.' त्याने तुझे पद कदाचित जाईल, हे मी जाणतो, आणि तरीही मागतो. सकाळी सातच्या गाडीने झुंबरबाई आणि मी निघणार आहोत. तू बसस्थानकावर आलास तर बरोबर बसू. न आलास, तर साहेबांनी समितीविषयी विचारल्यावर मी तुझे नाव घेईन. या वेळी मी गप्प बसणार नाही.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
राजानंद