केळ्यांच्या खोक्यातली भातुकली

आल्मेरे, नेदरलँड्स,
२३ नोव्हेंबर

प्रिय उत्तराताई,

तू काही म्हणायच्या आत मीच सांगते, की अक्षर घाण आलंय. हातानं एवढं लिहायची सवय राहिली नाही. तुझी पर्यवेक्षिकेची लाल रेघ शाळेतच ठेवून आली असशील असं धरून चालते. पत्र का लिहितेय म्हणशील, तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आई शेजारी बसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींच्या वर काही लिहिलं, की तू न वाचता नुसता अंगठा पाठवतेस. शेवटी कागद घेऊन बसले. पाठ दुखतेय, बाहेर साडेचारलाच दिवे लागलेत आणि तुझ्यावर मी अजून चिडलेलीच आहे, हे आधी ऐकून घे.

तुझ्या त्या भातुकलीच्या फोटोंनी गेले तीन आठवडे मला जीव नकोसा झालाय. साधी गोष्ट होती गं. आई सारखी तिच्या भातुकलीचा डबा शोधतेय, कपाटं उपसतेय, कोणी दार उघडं ठेवलं की खाली उतरून जातेय. डॉक्टर म्हणाले, तिच्या वस्तूंचे फोटो मोठे छापून तिच्यासमोर ठेवा, वस्तू सुखरूप आहेत हे डोळ्यांना दिसलं की ती शांत होईल. बरं म्हटलं. इथं माझ्याकडे असलेला डबा काढला, ओट्यावर एकेक भांडं मांडलं आणि दहा मिनिटांत त्रेचाळीस फोटो पाठवले. आमचा ओटा काळा आहे, याचं भान मला नव्हतं, मान्य आहे. आईनं ते बघितलं, अगं बाई सगळी भांडी आडात पडली म्हणाली आणि जेवेपर्यंत रडत बसली. त्यावर तू मला काय सुनावलंस! जणू मीच ती आडात ढकलली. मग तुझा फतवा आला. पांढरंशुभ्र मागे हवं, सावली अजिबात नको कारण सावली तिला भोक वाटते, प्रत्येक भांडं वेगळं, आणि रंग खरा हवा. मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिणारी बाई आहे ताई, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. फोटोग्राफर नाही.

तुझा मेहुणा आशुतोष म्हणाला, त्यासाठी तयार पेटी मिळते, मागवून टाक. माझा हट्ट. खोकं आणि दिवा यांचे का पैसे मोजायचे? इंटरनेटवर बघितलं, खोक्याच्या दोन्ही बाजू कापायच्या, तिथं पातळ कागद लावायचा, आत कोऱ्या कागदाची घसरगुंडी करायची आणि बाहेरून दिवे मारायचे. सुपरमार्केटमधल्या माणसाकडून केळ्यांचं रिकामं खोकं मागून आणलं. इथं घर बदलताना सगळे तीच खोकी वापरतात, त्यामुळे त्यानं मला विचारलं, कुठं राहायला चाललात. काय सांगणार त्याला? ते खोकं सायकलच्या मागे बांधलं आणि आमच्या आल्मेरेचा वारा सुटला. खोकं सुटून पुढं, मी मागं, असं अर्धा रस्ता चाललं. कालव्यात जाता जाता वाचलं. घरी येऊन सुरीनं खिडक्या कापल्या, बटर पेपर चिकटवला, ड्रॉइंगचा कागद वाकवून लावला. घडी पडली की ती रेघ फोटोत येते आणि तुझ्या आईसाहेबांना ती भिंतीची भेग वाटेल, म्हणून तो तीनदा बदलला.

मग दिव्यांची तऱ्हा. जुन्या वस्तूंच्या दुकानातून दोन टेबललॅम्प आणले. एकाचा बल्ब पिवळा निघाला, दुसऱ्याचा निळसर. भांडं एका बाजूनं काविळीचं आणि दुसऱ्या बाजूनं थंडीनं काकडलेलं. दोन्ही बल्ब सारखे हवेत, एवढी अक्कल मला दुसऱ्या दिवशी आली. ते झालं, तर पांढरा कागद फोटोत करडा दिसायला लागला. तासभर मी दिवे पुढंमागं करतेय, घाम फुटलाय, आणि ईशानी दारात उभी राहून सफरचंद खातेय. शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, आई, कागदावर बोट ठेव आणि वर सरकव, फोनला वाटतंय खूप उजेड आहे म्हणून तो अंधार करतोय. म्हणजे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं! आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर डचमध्ये काहीतरी पुटपुटत वर गेली. तेरा वर्षांची आहे. मी हात टेकले.

एवढं करून पाठवलं, तर बंबाचा फोटो बघून आई म्हणाली, हे एवढं मोठं धूड ठेवायचं कुठं, आपल्या न्हाणीत मावायचं नाही. तू हसतेस कसली त्यावर? माझा रविवार गेला होता. मग माप कळावं म्हणून प्रत्येक भांड्याशेजारी माझं बोट ठेवून पुन्हा त्रेचाळीस फोटो. पाटा, वरवंटा, जातं, शेगडी, परात, कळशी, घंगाळ, सोऱ्या, नखाएवढी पळी. तुला आठवतं, त्या परातीत आपण दाणे-गुळाचे लाडू करायचो आणि तू मोठी म्हणून वाढणारी कायम तूच? मी कायम पाहुणी. दार वाजवायचं, बाई आहेत का घरात विचारायचं आणि तू सांगशील तिथं बसायचं. आईनं तेव्हाही तो डबा आपल्या हातात कधी दिला नाही. तीच उघडायची, तीच मोजून परत ठेवायची. तिच्या वडिलांनी तांबट आळीत बसून करवून घेतलेली होती ती भांडी. लग्नात बाकी काही नको, पण हा डबा माझ्याबरोबर येईल, असं म्हणाली होती म्हणे.

आता त्या चौथ्या खेपेचं बोलते, कारण तिथं आपलं भांडण झालं. मला वाटलं, एवढी पांढरीशुभ्र पेटी केलीय, तर भांडीही साजरी दिसू देत. चिंच आणि मीठ घेऊन बसले आणि सगळी घासली. दुसरं काय करणार? आपल्याकडे फोटो काढायचा म्हटलं की माणूस तोंड धुतं आणि भांडं घासलं जातं. अशी लखलखली, की प्रत्येक कळशीच्या पोटात माझं नाक आणि काळा फोन दिसायला लागला. मग पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फोटो काढायला लागले, मान अवघडली, पण फोटो, ताई, दुकानाच्या कॅटलॉगमध्ये शोभावेत असे आले. मी खूश. तू छापून आईसमोर ठेवलेस. तिनं एकेक उचलून बघितला आणि बाजूला सारला. ही माझी नव्हेत म्हणाली. माझ्या पातेल्याचं बूड काळं आहे, मी आणि सुमननं लहानपणी त्यात खरा भात केला होता, स्टोवर. ही दुकानातली आहेत. माझी कुणीतरी नेली.

तू फोनवर मला म्हणालीस, घासायला कुणी सांगितलं होतं तुला. मी म्हटलं, तीन आठवडे कमरेचा काटा ढिला करून घेतला त्याचं काहीच नाही का. तू म्हणालीस, मी चार वर्षं करतेय, मला काटा आहे की नाही तेही विसरले. मी फोन ठेवला. चुकलं माझं. पण तुझं बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. मी इथून फोटो पाठवतेय, आणि तू रात्री दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली घेऊन झोपतेस.

तू मधे दोनदा म्हणालीस, मृणाल, फोटोंचा हा खटाटोप सोड, सरळ डबाच पाठव. मी दर वेळी काहीतरी काढलं. कुरिअरवाले हरवतील. कस्टमवाले उघडतील. पितळ जड असतं. ईशानीला भातुकली शाळेत दाखवायचीय, हे तर धडधडीत खोटं होतं, ईशानीला त्यात काडीचा रस नाही. आणि तू बिचारी विश्वास ठेवून आईला दिवसातून दहा वेळा तेच समजावतेस, की आई, डबा कुठं गेला नाही, तूच तो मृणालला दिलास, आठवत नाही का तुला? मी स्पीकरवर ऐकत असते. मग आई म्हणते, मी दिला? आणि तू म्हणतेस, हो गं, तूच. तिथं मी लगेच दुसरा विषय काढते, हे तुझ्या लक्षात आलंय का, मला माहीत नाही.

मंगळवारी ती पुन्हा सुटली. तू दूध घ्यायला खाली गेलीस तेवढ्यात. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात तुझी, आणि रिक्षा स्टँडवर जाऊन रिक्षावाल्याला सांगत होती, मला चौकीत घेऊन चल, चोरीची तक्रार द्यायचीय. तो ओळखीचा निघाला म्हणून तिला घरी घेऊन आला. कोपऱ्यावरून बस जाते ताई, ती दुसरीकडे वळली असती तर? तू मला हे सांगताना हसत होतीस आणि मधेच रडायला लागलीस. म्हणालीस, बघ, आता चोरीचा आळ घ्यायलाही लागली, उद्या कामवाल्या मंजूषाबाईंना चोर म्हणेल आणि त्याही काम सोडतील. मी हं हं करत होते. स्लोटरडाइकच्या फलाटावर उभी होते, गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली. मी तिथंच.

आता लिहून टाकते. नाहीतर हा कागदही फाडीन, याआधी दोन फाडलेत. आईनं मला तो डबा दिला नव्हता. तिची नारायण पेठेतली खोली रिकामी करून तिला तुझ्याकडे हलवत होतो, तो आठवडा आठव. तू भांडीवाल्याशी बोलायला खाली गेली होतीस, आई दुपारची आडवी झाली होती. मी डबा उचलला आणि माझ्या बॅगेत साड्यांच्या खाली ठेवला. मनात काय होतं म्हणशील, तर एवढंच, की आई आता विसरायला लागलीय, डबा तुझ्या घरी गेला की तुझाच होईल, आणि मी आपली पाहुणी. संध्याकाळी तिनं विचारलं, माझा डबा दिसत नाही. मी म्हटलं, आई, असं काय करतेस, सकाळीच नाही का मला दिलास, म्हणालीस ईशानीसाठी घेऊन जा. किती सहज बोलले मी. तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, हो का? दिला असेन बाई. माझं हल्ली काही खरं नाही. ताई, तोवर ती असं कधी म्हणाली नव्हती. माझं हल्ली काही खरं नाही, हे ती पहिल्यांदा त्या दिवशी म्हणाली, आणि मी तिला म्हणायला लावलं. तेव्हापासून आपण सगळे, तू, मी, ते डॉक्टर, तिला समजावत बसलोय की तू चुकतेस. त्या घरात एकटी तीच खरं बोलत होती.

भार्गवी, माझ्याबरोबर काम करते ती, येत्या मंगळवारी पुण्याला येतेय. या पत्राबरोबर डबाही तिच्या हातातल्या पिशवीत असेल, सामानात टाकू दिलेला नाही. त्रेचाळीस आहेत, मोजून घे. पातेल्याचं काळं बूड मी घासून टाकलंय, त्याला आता इलाज नाही. मी एकवीस डिसेंबरला येतेय, एकटी, दोन महिन्यांची रजा टाकलीय. तुला मला जे काही बोलायचं आहे ते तोंडावर बोल, मी ऐकेन. पण डबा माझी वाट बघत ठेवू नकोस, त्याच दिवशी आईच्या मांडीवर दे. तिला सांग, की मृणालनं न विचारता नेला होता. म्हणावं, आई, तू दिला नव्हतास, तुझं बरोबर होतं. ती विसरेल, उद्या पुन्हा विचारेल, माझा डबा कुणी नेला होता म्हणून. तेव्हा जाऊ दे म्हणू नकोस, माझी लाज राखू नकोस. दर वेळी सांग.

तुझीच, तोंड दाखवायला घाबरणारी,
मृणाल