ऊनखेड्याचा पांढरा ठिपका

२४ एप्रिल १९८९
पोचलो एकदाचा! शिंदखेड्याहून एसटीने हाडं खिळखिळी केली, पण ऊनखेडे गाव बघून शीण गेला. बाभळी, कपाशीची काळी रानं आणि गावाबाहेर दगडात बांधलेलं गरम पाण्याचं कुंड. खरूज-नायट्याला गुण येतो म्हणून लांबून लोक अंघोळीला येतात, त्यांच्यावरच गावाचं पोट.
राहायला यशोदाबाईंच्या ओसरीवरची खोली मिळाली. गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणू लागलो. नवरा गेलेला, एकुलता मुलगा पंडित, त्याचं लग्न ठरलंय. मुलगा भारी लाजरा, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पहिल्याच जेवणात शेवभाजीने डोळ्यांतून पाणी काढलं आणि अक्का पदर तोंडाला लावून हसल्या.
मी इथे का आलोय हे लोटनआबांना समजावताना मजा आली. आबा माझ्यासाठी खड्डे खणणार आहेत. म्हटलं, आबा, आभाळातून उपग्रह रात्री जमिनीची ऊब टिपतो. चित्रात गार जमीन काळी, तापलेली पांढरी. गेल्या वर्षीच्या जानेवारीच्या चित्रात तुमच्या गावावर पांढराशुभ्र ठिपका आहे, म्हणजे खाली वाफ असणार, म्हणजे वीज! आबा म्हणाले, "हौ का." बस, एवढंच.

२९ एप्रिल
फजिती. कुंडात तापमापी बुडवली तर पाणी एकतीस अंश! पुण्यात माझी अंघोळ याहून कढत असते. वरवरची उन्हाची ऊब लागू नये म्हणून मीटरभर खोल खड्डे घेतले, तर तिथेही काही नाही. साहेबांची तार आली की ऊब दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. माझी बढती याच ठिपक्यावर टांगलेली आहे, मेलो!
गावही हवालदिल आहे. कुंड वर्षभर निवत चाललंय, अंघोळीला कुत्रं येत नाही. आबा म्हणाले, आखाजी होऊ द्या, तापेल. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी एखाद्याला मेलेल्यांच्या नावाने जेवू घालतात, त्याला पित्तर म्हणतात. इथे म्हणे सगळ्या गावाचा मिळून एकच पित्तर, आणि घरं पाळीपाळीने. यंदाची पाळी अक्कांची. संध्याकाळी त्या माझ्यापुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. "भाऊ, आमना पित्तर व्हशी का?" म्हटलं, पुरणपोळी असेल तर दोनदा होईन. पंडित उठून बाहेर निघून गेला.

८ मे, आखाजी
काय जेवलोय! खापरावरची हातभर पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, कुरडया. नवी घागर भरून पाटाशेजारी ठेवली होती. अख्खं गाव अंगणात उभं, आणि मी ढेकर देईपर्यंत कोणी पाण्याला शिवलं नाही. नवरदेवाचाही एवढा मान ठेवत नाहीत.
शेवटी अक्का माझ्या पाया पडल्या. मी ओशाळलो, आईच्या वयाच्या बाईने असं करावं! त्या ढसाढसा रडत होत्या. मग त्यांनी पंडितला पोटाशी धरलं आणि किती वेळ सोडलंच नाही. नवऱ्याची आठवण आली असेल बिचारीला.
खोलीतली फरशी मात्र पायाला गरम लागते आहे.

११ मे
कुंड अठ्ठेचाळीस! तापमापी तीनदा धुऊन पुसून बघितली. माझ्या खोलीमागचा खड्डा तर हात घालवत नाही एवढा तापलाय. पुण्याला तार ठोकली. साहेबांचं उलट अभिनंदन, तिथेच राहा म्हणाले, उपग्रहाचं नवं चित्र मागवतोय.
कुंडावर बाया गाणी म्हणत अंघोळी करतायत. मला बघून हात जोडतात. मला जरा कसकस वाटते आहे, ऊन बाधलं असणार.

१४ मे
बाहेर चव्वेचाळीस अंश आणि मी घोंगडी पांघरून बसलोय. हसू येतंय, पण दात वाजतायत. तापमापी काखेत धरली. चौतीस. बिघडली म्हणून आबांच्या काखेत दिली. सदतीस. आबांनी ती हळूच परत ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.
कुंड पंचावन्न.

१६ मे
पळायचं ठरवलं. दवाखाना गाठायचा, बढती गेली खड्ड्यात. शिवेवरच्या म्हसोबापाशी पाय गेले, दगडासारखे गार पडले, आणि मी कोसळलो. गावकऱ्यांनी बाजेवर घालून आणलं. अगदी हळुवार, लेकरासारखं.
मग अक्कांनी सगळं सांगितलं. माझं डोकं मांडीवर घेऊन, भाकरी थापावी इतक्या सहज. कुंड वाफेने तापत नाही, पाटावर बसणाऱ्या पित्तराच्या उबेने तापतं. ऊब संपली की दुसरा लागतो, आणि ती लवकर संपली तर त्याच घरातला. यंदा पंडितला बसावं लागलं असतं. "मना एकच पोऱ्या शे, भाऊ," म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा बसला होता.
दोन वर्षांपूर्वी. म्हणजे त्या जानेवारीच्या चित्रात— पुण्यात चहा पीत मी ज्या ठिपक्याभोवती लाल पेन्सिल फिरवली, तो यशोदाबाईंचा नवरा होता.
मी त्यांना सटवी म्हटलं. आणखी काय काय म्हटलं. त्यांनी माझं तोंड पुसलं आणि वरणभात भरवला.

१८ मे
काखेत एकतीस. लिहिताना बोटं वाकत नाहीत.
तार आली. हिलाल येतोय, नवं चित्र घेऊन. हिलाल धरणगावचा, पुण्यात माझा खोलीतला सोबती. मला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर माझं करत होता. पंगतीत बसला की आचारी घाबरतो असा खादाड.
पंडित सुटला तो मी जेवलो म्हणून. मग माझ्या जागी कोणी जेवला, तर—
नाही. नाही रे देवा.
अक्कांना सांगितलं, उद्या पुरण घाला. त्यांनी लगेच डाळ भिजत घातली.

१९ मे, दुपार
हिलाल आला. जीपमधून उतरला तो मिठीच मारली. म्हणाला, मर्दा, तू तर बर्फाचा गोळा झालास! नवं चित्र दाखवलं. ठिपका ऐन या घरावर, कधी नव्हता इतका पांढरा. साहेबांनी पेढे वाटलेत म्हणे.
पाट मांडला. घागर भरली. गाव अंगणात जमलं, त्याला वाटलं त्याच्या स्वागताला. मीच ताट पुढे सरकवलं. मीच म्हटलं, जेव रे, लांबून आलास. पाच पोळ्या खाल्ल्या. अक्कांच्या हाताची चव आईसारखी आहे म्हणाला.
ढेकर दिली.
मी ऊब येण्याची वाट बघतोय.

संध्याकाळ
नाही आली. तीस—
अक्कांना विचारलं. त्यांना माझी कीव आली. पंडित पाटावर बसलाच नव्हता, म्हणून वाचला, म्हणाल्या. "बठेल पित्तर उठत नही, भाऊ." आता दोघं झाले. पंडितची लेकरं मोठी होईपर्यंत गावाला घोर नाही. माझे फार उपकार झाले म्हणाल्या, बठ्ठं, सगळं गाव माझं नाव घेईल—
कुंडावर गाणी चालू आहेत. वाफ इथवर—
हिलाल पलीकडे पडलाय. घोंगडी मागत होता, माझीच दिली. विचारतोय, तुलाही गार वाटतंय का रे? आपल्याला काय झालंय, तुला ठाऊक आहे का?
मी म्हटलं, नाही रे, काही नाही, जेवण अंगावर आलं असेल, तू झोप, मी आहे ना इथे, मी—