आत्याने धुतलेला चहा

क्रेगीबर्न, मेलबर्न, १२ ऑगस्ट २०२०

ती. सुहासिनीआत्यास,
कादंबरीचा सा. न. वि. वि.

पार्सल बघून दचकू नकोस. फोनवर आपण दोघी दोन-दोन तास बोलतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून चक्क पत्र. नोव्हेंबरमध्ये इथल्या एका गॅलरीत चहावर प्रदर्शन आहे, लॉकडाऊन उठला तर. आसामचे मळे, तिथे नेलेले मजूर, जाहिराती करून आपल्या घराघरांत चहाची सवय लावणारे साहेब आणि इथे रानात डब्यात चहा उकळणारे ऑस्ट्रेलियन, सगळे एका छताखाली. त्यात एक अख्खी भिंत मला मिळालीय! जॉब गेल्यापासून बाबा पुण्याहून रोज विचारतात, की चित्रं पुरे, आयटीचा कोर्स कधी करतेस. ही भिंत रिकामी राहिली तर करीन, असं मी त्यांना कबूल करून बसलेय.

सोबत जुन्या वस्तूंच्या ऑप शॉपमधून आणलेला, साहेबी थाटाचा पांढरा टेबलक्लॉथ आहे. त्याच्या काठाने तू साखळी टाक्याने चहाची पानं भर. तुझ्यासारखी वेल मला सात जन्मांत जमायची नाही. मधलं काम माझं. दोन महिने खपलेय त्यावर. काय आहे ते सांगत नाही, तूच ओळख.

शिरीषकाकांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कादंबरी

वेंटवर्थव्हिल, ९ सप्टेंबर २०२०

चि. कादंबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभा जन्म काढलेली बाई मी, बाहेरून आलेली वस्तू तशीच घरात घेईन होय? आमच्याकडे सध्या दुधाची बाटलीसुद्धा आंघोळ केल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नाही. तुझं पत्र दोन दिवस बॅकयार्डमध्ये उन्हात ठेवलं आणि कापड लगेच गरम पाण्यात टाकलं. अगं, काय दशा केली होतीस त्याची! चहाचे डागच डाग. कपाच्या बुडाचे, बशीचे, बोटांचे. लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच. सोडा घातला, लिंबू चोळलं, ऊन दाखवलं, पुन्हा सोडा. काका म्हणाले, पोरीला नवीन कापड घेऊन दे, पण मी हटले नाही. आता बगळ्यासारखं पांढरं झालंय.

मग पानं भरली, मला तरी आवडली. कापड सोबत परत पाठवतेय. तुझं मधलं काम मात्र कुठे दिसलं नाही. काय ओळखायचं होतं? अजून करायचं असेल तर आता हात चालव बाई, मला काळजी वाटते.

पत्र पाठवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या

क्रेगीबर्न, २१ सप्टेंबर २०२०

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चार दिवस पेन हातात घेतलं नाही. काय लिहीन याचा माझा मलाच भरवसा नव्हता. आत्या, ते डाग हेच माझं काम होतं. आसामपासून कोलंबोमार्गे मेलबर्नपर्यंत चहाच्या जहाजांची वाट मी कडक चहानेच काढली होती, एकेक थर वाळवत. तू अख्खा हिंदी महासागर धुऊन टाकलास! पार्सल उघडलं आणि मी किचनमध्ये जमिनीवर बसून रडले. राघव आधी हसला. मग नवऱ्याचं कर्तव्य म्हणून चहा करू का विचारलं. त्याला मी काय म्हटलं ते लिहीत नाही.

पुन्हा करायला वेळ नाही. गॅलरीची ब्रॉन्विन पंधरा ऑक्टोबरला व्हिडिओवर काम बघणार आहे. चूक माझीही आहे, नीट सांगायला हवं होतं. पण एक विचारू? काका सांगत होते तरी कापड टाकून का नाही दिलंस? ते डाग तुला एवढे का बोचले?

पानं सुंदर आहेत. रागावलेय, पण तुझीच आहे.

कादंबरी

वेंटवर्थव्हिल, २ ऑक्टोबर २०२०

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले. काका म्हणतात, लॅबमध्ये ही पेशंटांची सॅम्पलंही धूत असणार.

विचारलंस म्हणून सांगते. मी नवी होते तेव्हा टी-रूममध्ये प्रत्येकाचा मग असायचा. बाकीच्यांचे आतून काळेकुट्ट, कोणाला त्याचं काही नाही. माझ्या मगात जरा तपकिरी रेघ दिसली, की वाटायचं आता म्हणतील, इंडियन बाई अस्वच्छ. खरं सांगते, कोणी कधी म्हणालं नाही. तरी रिटायर होईपर्यंत मी रोज सोड्याने मग घासला. आपला आलं घालून उकळलेला चहा सोडून त्यांच्यासारखी पिशवी बुडवून प्यायले आणि आवडतो म्हणाले. आवडत नव्हता गं. तुझं कापडही त्याच हातांनी धुतलं गेलं. फार वाईट वाटतंय. हवं तर भास्करला फोन करते, माझा धाकटा भाऊ आहे, माझ्यापुढे तुझे बाबा आयटीचं नाव काढणार नाहीत.

खचू नकोस. जेवत जा.

तुझी,
आत्या

क्रेगीबर्न, १९ नोव्हेंबर २०२०

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या सकाळी मी ते कापड खिडकीला टांगलं. मागून उजेड आला आणि सगळी वाट दिसली. पुसट, पण आसामपासून इथपर्यंत, कुठेही न तुटता. तुझ्या सोड्यालाही ती गेली नाही. मी त्यावर पुन्हा चहा ओतला नाही. मागे दिवा लावून तसंच ब्रॉन्विनला दाखवलं आणि तुझ्या मगाची गोष्ट सांगितली. तुला न विचारता सांगितली, रागावू नकोस. तिने कापड पुन्हा जवळून दाखवायला सांगितलं. मग विचारलं, की दुसऱ्या आर्टिस्टचं नाव कसं लिहायचं.

भिंत भरली, आत्या! माणसं मास्क लावून मोजकी येतात आणि चहाच्या प्रदर्शनात चहा द्यायला बंदी आहे. काल एक ग्रीक आजी कापडापुढून हलेचना. जाताना म्हणाली, तिची आई लसणाचा वास जावा म्हणून कामावर जाण्याआधी लिंबाने हात चोळायची. बाबांनी व्हिडिओवर सगळं पाहिलं. कोर्सचं विचारलं नाही, सोडा कुठला वापरलास ते मात्र विचारलं.

सोमवारी तुमच्या-आमच्या राज्यांमधली बॉर्डर उघडतेय. तिकीट काढ. कापडाशेजारी पाटी लावलीय: डाग, कादंबरी. धुलाई आणि कशिदा, सुहासिनी. येणारा प्रत्येक जण मला विचारतो, ही सुहासिनी कोण. ते आता तूच येऊन सांग.

लोभ या खेपेला पोस्टाने नको, स्वतः घेऊन ये.

तुझी,
कादंबरी